प्रपंच चरित्र: इचोड्याहून पाहिलेलं मुक्त विद्यापीठ

संस्थेच्या इतिहासाचं पहिलं पान बहुधा ठरलेलं असतं. कोनशिला, पाहुण्यांच्या हातातली थापी, फेटे, मागच्या रांगेत उन्हाने डोळे बारीक केलेली मुलं. मला ज्या संस्थेबद्दल लिहायला सांगितलंय तिची कोनशिला इचोड्यात नाही. तिचं मुख्यालय हैदराबादला, ज्युबिली हिल्सवर, इथून सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवर. मी ते पाहिलं तेव्हा पदवी हातात पडून कित्येक वर्षं झाली होती, आणि तेही बसच्या खिडकीतून. तरी आमच्या मंडलात चार शिकलेली माणसं एकत्र बसली की त्यांत एखादा तरी ‘ओपन’वाला निघतो. पदवी कुठल्या विद्यापीठाची, असं इथे कोणी विचारत नाही. ‘रेग्युलर की ओपन?’ एवढाच प्रश्न असतो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजावरून पुढचं कळतं.

तेव्हा या विद्यापीठाचा इतिहास मी हैदराबादहून न सांगता इचोड्याहून सांगतो. कुलगुरूंची यादी त्यामुळे राहून जाईल. ती दुसरं कोणी लिहीलच.

इचोडा आदिलाबादच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर, पूर्वीच्या सात नंबरच्या आणि आताच्या 44 नंबरच्या राष्ट्रीय महामार्गावर. नागपूरहून हैदराबादला जाणारे ट्रक गावातून जात आले. बाजारात उभं राहिलं तर तेलुगू, मराठी, गोंडी, गोरबोली, उर्दू आणि कधी कधी कोलामीही कानावर पडते. कापूस, सोयाबीन, तूर ही पिकं. कापूस फुटला की शाळेचा पट हलका होतो, आणि एकदा वेचणीला गेलेली मुलगी दुसऱ्या वर्षी शाळेत दिसेलच असं नाही. 2011च्या जनगणनेत जुन्या अखंड आदिलाबाद जिल्ह्याची साक्षरता 61.01 टक्के होती, बायकांची 51.31. हा आकडा विद्यापीठ निघाल्यानंतर एकोणतीस वर्षांचा आहे. विद्यापीठ निघालं तेव्हा काय असेल, त्याचा अंदाज वाचकांनीच करावा.

पण शाळेचं वय उलटल्यावर शिकण्याची गोष्ट या भागात 1982 साली विद्यापीठ निघालं तेव्हाच सुरू झाली असं नाही. निजामाविरुद्ध लढलेल्या गोंड कोमराम भीमाबद्दल सांगतात की तरुणपणी तो चांद्याला एका छापखान्यात राहिला आणि तिथे अक्षरं शिकला. 1940 साली तो जोडेघाटला मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारला गोंडांकडे लक्ष द्यावं लागलं आणि ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने 1943च्या सुमाराला मारलवाईला गोंड शिक्षक तयार करण्याचं केंद्र निघालं. शिक्षक व्हायला आलेले काही पोरसवदा नव्हते. घरदार असलेली माणसं होती. त्यांच्यासाठी गोंडी वाचनपुस्तकं छापली ती देवनागरीत. कारण सरळ होतं: ज्या थोड्या गोंडांना अक्षरओळख होती ती मराठीमुळे होती. पुढे हे काम ज्या अधिकाऱ्यांनी केलं त्यांत सेतुमाधवराव पगडी होते. मराठी वाचक त्यांना शिवकालाचे अभ्यासक म्हणून ओळखतात. आदिलाबादच्या गोंडांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि गोंडीचं व्याकरणही लिहिलं, हे आमच्याकडे जास्त लक्षात आहे. मारलवाईची ही देवनागरी पुस्तकं ध्यानात ठेवा, पुढे त्यांच्याकडे परत यायचं आहे.

शाळेच्या पुढचं शिक्षण मात्र लांबच राहिलं. उस्मानिया विद्यापीठ 1918चं, माध्यम उर्दू. निजामाच्या राज्यात मराठी माणसाला आपल्याच राज्याच्या विद्यापीठातून पदवी घ्यायची तर उर्दूतून. 1956ला राज्यं नव्याने आखली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्याचे किनवट आणि राजुरा हे तालुके मराठी मुलखाकडे गेले, आमचा बोथ भाग आंध्र प्रदेशात राहिला. आत्या किनवटला आणि भाचा इचोड्याला, अशी घरं एका रात्रीत दोन राज्यांची झाली. 1976ला वरंगळला काकतीय विद्यापीठ झालं आणि आदिलाबादची कॉलेजं त्याच्याकडे गेली. ती कॉलेजं चांगली होती. पण ती वेळेवर इंटर, म्हणजे बारावी, झालेल्या आणि सकाळी दहाला बाकावर जाऊन बसू शकणाऱ्या पोरांची होती.

20 एप्रिल 1981ला इंद्रवेल्लीत जमिनीच्या प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा 13 मृत्यूंचा. इंद्रवेल्ली आमच्याहून फार दूर नाही. त्या वर्षी या भागात ज्याच्या-त्याच्या तोंडी पट्टा, नकाशा, नोटीस हेच शब्द होते, आणि ती कागदं वाचून दाखवणारा माणूस शोधत लोक गावोगाव फिरत होते. माझ्याकडेही येत. मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत मास्तर होतो, दहावी आणि ट्रेनिंग एवढ्या भांडवलावर. मराठी आणि थोडं उर्दू वळणाचं हिंदी यांवर माझं भागत होतं. कचेरीची तेलुगू कागदं मला अर्धीच लागत, आणि ते मी कोणाला कळू देत नसे.

26 ऑगस्ट 1982ला आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. देशातलं हे पहिलं मुक्त विद्यापीठ. मुख्यमंत्री होते भवनम वेंकटरामी रेड्डी. त्यांची कारकीर्द उणीपुरी सात महिन्यांचीही नव्हती, आणि पुढच्याच महिन्यात ती संपलीसुद्धा. एवढ्या थोड्या दिवसांत हे एक काम मागे ठेवून गेलेला मुख्यमंत्री म्हणून त्यांचं नाव घ्यायला हवं. प्रत्यक्ष बांधणी केली पहिले कुलगुरू प्रा. जी. राम रेड्डी यांनी. करीमनगर जिल्ह्यातल्या खेड्यात जन्मलेला हा माणूस, विषय राज्यशास्त्र, अभ्यास पंचायत राज्याचा, आणि त्याआधी उस्मानियाचे कुलगुरू. इंग्लंडात मुक्त विद्यापीठ 1969ला निघून 1971च्या जानेवारीत शिकवायला लागलं होतं, त्यातून त्यांनी घ्यायचं ते घेतलं. 1985ला दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ झालं तेव्हा त्याचेही पहिले कुलगुरू तेच. नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989चं. महाराष्ट्रातल्या मित्रांना हा क्रम ऐकवला की ते जरा गप्प होतात. मला त्यात थोडा आनंद होतो, तो लपवत नाही.

या विद्यापीठाचं वेगळेपण एका नियमात होतं. दहावी नाही, इंटर नाही, शाळेचा टीसी हरवलेला, तरीही वय भरलेलं असेल तर पात्रता परीक्षा द्या आणि पदवीच्या पहिल्या वर्षाला बसा. परीक्षा पाहत होती ती इतकीच की माणसाला लिहिता-वाचता येतं का, हिशेब जमतो का, भोवतालचं भान आहे का. लोक तिला ‘एलिजिबिलिटी’ म्हणत. ‘एलिजिबिलिटी निघालं’ हे वाक्य आमच्याकडे एकेकाळी ‘मॅट्रिक झाला’च्या थाटात बोललं जाई. जन्मभर लोकांनी ‘किती शिकलास?’ विचारलं आणि ज्याने ‘सातवी’ म्हणून मान खाली घातली, त्याला पहिल्यांदाच कोणीतरी ‘आता काय येतं?’ असं विचारत होतं.

मी दहावी होतो, इंटर नव्हतो. म्हणून मीही त्याच वाटेने गेलो.

कारभार असा चाले. फी भरली की पुस्तकांचा गठ्ठा मिळे. सुतळीने बांधलेली, पातळ पुठ्ठ्याची, धड्यांना ‘घटक’ म्हणणारी पुस्तकं. प्रत्येक धड्याच्या शेवटी स्वतःला तपासायचे प्रश्न आणि मागे उत्तरं. कॉलेजच्या मुलांना या पुस्तकांचं हसू येई, की यात मास्तर पुस्तकातच बसलाय. पण कंदिलाखाली एकट्याने वाचणाऱ्याला तो पुस्तकातला मास्तर फार उपयोगी पडला. रेडिओवर पाठ येत, पुढे दूरदर्शनवरही आले. आणि रविवारी अभ्यासकेंद्रात वर्ग. आमच्या वेळी आमचं केंद्र आदिलाबादच्या सरकारी कॉलेजात.

रविवारची पहिली बस पकडायची. डब्यात भाकरी आणि ठेचा, कोणाकडे पुलिहोरा. बसमध्येच अर्धा वर्ग भरे. आरटीसीचा एक कंडक्टर आमच्याच वर्गात होता. ज्या रविवारी त्याची ड्यूटी असे त्या रविवारी तो आम्हाला तिकीट देता देता धडा विचारून घेई. दोन-तीन मास्तर, एक कॉन्स्टेबल, एक अंगणवाडी टीचर, पंचायतीतला एक कारकून, दोन गोंड तरुण (तरुण म्हणजे तिशीतले), आणि एक लंबाडा तांड्यावरची सून. तिचा नवरा तिच्याबरोबर यायचा आणि लेकरू घेऊन कॉलेजच्या आवारात लिंबाखाली बसायचा. पहिल्या वर्षी लोक त्याला हसले. दुसऱ्या वर्षी त्या लिंबाखाली तिघे बसायला लागले.

आठवडाभर पोरांना शिकवणारे लेक्चररच रविवारी आम्हाला शिकवत. सोमवारी ते पोरांना ‘नुव्वु’ (तू) म्हणत, रविवारी आम्हाला ‘मीरु’ (तुम्ही). अठ्ठावीस वर्षांचे सर पंचेचाळीस वर्षांच्या विद्यार्थ्याला उभं राहायला सांगताना अडखळत. एका सरांनी पंचायत राज्याचा धडा काढला आणि पाच मिनिटांत त्यांच्या लक्षात आलं की कारकुनाला यातलं त्यांच्यापेक्षा जास्त कळतं. त्यांनी खडू त्याच्या हातात दिला. त्या दिवशीचा वर्ग मला अजून आठवतो. रस्त्याच्या मंजुरीची फाइल कुठे कुठे थांबते याची आकृती फळ्यावर होती, आणि ती कुठल्याच पुस्तकात नव्हती.

आता भाषेचं. विद्यापीठाने इंटरची अट काढली, हजेरीची काढली, वयाची वरची मर्यादा ठेवली नाही. भाषेचा उंबरठा मात्र राहिला. माध्यम तेलुगू, इंग्रजी, काही अभ्यासक्रमांना उर्दू. मराठी नव्हतं. राज्याच्या दृष्टीने त्यात गैर काही नसेल, पण आदिलाबादच्या मराठी, आंध, गोंड, मांग, महार घरांतून आलेल्या माणसाला ‘दाराशी आलेलं शिक्षण’ दुसऱ्याच्या भाषेत हाक मारत होतं. तिकडे नाशिकचं विद्यापीठ मराठीत ‘ज्ञानगंगा घरोघरी’ म्हणत होतं, त्याचं कार्यक्षेत्र महाराष्ट्र. गंगा पेनगंगेपाशी थांबली. इथून पेनगंगा पन्नासएक किलोमीटर.

लोकांनी वाट काढली. किनवटच्या मेहुण्याकडून नाशिकची पुस्तकं आणायची, विषय मराठीतून समजून घ्यायचा आणि उत्तर तेलुगूत पाठ करायचं. ज्याला तेलुगू बोलता येई पण लिपी जड जाई, तो दुसऱ्याकडून धडा वाचवून घेई आणि पानाच्या कडेला देवनागरीत उतरवी. माझी पहिल्या वर्षाची पुस्तकं पाहिलीत तर छापील मजकूर तेलुगू आणि चारही समास देवनागरीने भरलेले. मारलवाईला गोंडी जशी देवनागरीत लिहिली गेली तशी चाळीस वर्षांनी आम्ही तेलुगू लिहिली. आम्हाला तेव्हा मारलवाईचं काही ठाऊक नव्हतं, जे हाताशी होतं ते वापरलं.

आणि खरी गंमत लिपी उलगडल्यावर सुरू झाली. तेलुगूत संस्कृत शब्द पोत्याने. मराठी माणसाला वाटतं, हे तर आपलेच. इतिहासाचं पुस्तक उघडलं तर नाव ‘प्रपंच चरित्र’. मी पहिल्या दिवशी घरी सांगितलं की विद्यापीठ संसाराची गोष्ट शिकवतंय. तेलुगूत प्रपंच म्हणजे जग आणि चरित्र म्हणजे इतिहास. ‘जगाचा इतिहास’ असं ते पुस्तक. ‘उपन्यास’ म्हणजे भाषण. ‘उद्योग’ म्हणजे नोकरी. ‘उद्यम’ म्हणजे चळवळ. ‘अवसर’ म्हणजे गरज. राज्यशास्त्रात तर घातच. ‘प्रभुत्वम्’ म्हणजे सरकार आणि ‘राष्ट्रम्’ म्हणजे राज्य. ‘राष्ट्र प्रभुत्वम्’ची कामं लिहा, असा प्रश्न आला आणि आमच्यातल्या एकाने संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, चलन अशी पाच पानं केंद्र सरकारवर लिहिली. ज्ञानात तो कुठे चुकला नव्हता. मेमोवर, म्हणजे गुणपत्रिकेवर, मात्र नापास.

त्यानंतर आम्ही एक वही केली. ‘फसवे शब्द’ असं नाव. बसमध्ये ती हातोहात फिरे. वर्षभरात दीडशेच्या वर शब्द झाले. माझ्या मते आमच्या अभ्यासकेंद्राचं सर्वांत मोलाचं प्रकाशन ते, जरी त्याची प्रत एकच होती आणि तिच्यावर चहाचे डाग होते.

26 ऑक्टोबर 1991ला, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या काळात, विद्यापीठाला डॉ. बी. आर. आंबेडकर मुक्त विद्यापीठ हे नाव मिळालं. पुतळ्यांच्या आणि नावांच्या बाबतीत मी फारसा हळवा नाही. पण हे नाव इथे नेमकं बसलं, असं मला वाटतं. बाबासाहेबांचं स्वतःचं शिक्षण मध्येच तुटलेलं. 1917ला शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली. मधल्या काळात त्यांनी नोकरी केली, सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पैसे जमवले, 1920ला परत गेले आणि 1923ला डी.एस्सी. झाले. तेव्हा ते बत्तीस वर्षांचे आणि संसारी होते. ‘परत येण्याची मुभा’ हे शब्द मी अभ्यासकेंद्रात नव्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो. मुक्त विद्यापीठात नाव घालणारा बहुतेक प्रत्येकजण त्या मुभेवरच आलेला असतो.

आणि बाबासाहेबांनी जी कॉलेजं काढली ती कोणासाठी, हे आधी पाहिलं. 1946चं मुंबईचं सिद्धार्थ कॉलेज सकाळी भरे, नोकरी करणाऱ्यांना वर्ग आटोपून कामावर जाता यावं म्हणून. जोतीरावांनी 1855 सालीच कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती, त्याच वाटेवरचं हे. जून 1950ला तेव्हाच्या औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज निघालं, पुढे त्याचं नाव मिलिंद महाविद्यालय झालं. ते तेव्हा हैदराबाद राज्यात होतं आणि उस्मानियाला जोडलेलं. म्हणजे त्या काळी इचोडा आणि मिलिंद एकाच राज्यात, एकाच विद्यापीठाखाली. आमच्या भागातल्या काही दलित घरांत ‘औरंगाबादला जाऊन शिकला’ हे वाक्य आजही आजोबांबद्दल आदराने सांगतात. उस्मानियाने 12 जानेवारी 1953ला बाबासाहेबांना मानद डी.लिट. दिली. मला नेहमी वाटतं की त्या पदवीपेक्षा मिलिंदला दिलेली संलग्नता अधिक कामाची ठरली.

ओपनच्या पदवीची किंमत हा विषय टाळून चालणार नाही. माझ्या एका सहकाऱ्याने पदोन्नतीसाठी अर्ज केला तेव्हा एका कचेरीतल्या साहेबांनी मेमो उलटसुलट करून विचारलं, ‘हे घरी बसून घेतलेलं का?’ त्याने उत्तर दिलं, ‘घरी बसायला वेळ असता तर रेग्युलर केलं असतं.’ पदोन्नती त्याला मिळाली, जरा उशिराने. दूरशिक्षणाच्या मान्यताप्राप्त पदव्या नेहमीच्या पदव्यांच्या बरोबरीच्या धराव्यात, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर 2022मध्ये पुन्हा जाहीर केलं. पुन्हा जाहीर करावं लागलं, यातच काय ते आलं.

पण दोष सगळा बाहेरच्यांचा नाही. अर्ध्यावर सोडणारे आमच्यात पुष्कळ होते. आमच्या त्या पहिल्या बसमधले सगळे पदवीपर्यंत पोचले नाहीत. कॉन्स्टेबलची बदली झाली. गोंड तरुणांपैकी एकाने इंग्रजीच्या पेपरला तीन वेळा हात टेकले आणि मग पुस्तकं मागायला आलेल्या चुलतभावाला देऊन टाकली. परीक्षा हंगामात आली की शेतकरी विद्यार्थी जात नसे, आणि एकदा पेपर चुकला की पुढचं वर्ष त्याहून लांब वाटे. तांड्यावरची ती सून मात्र पदवीधर झाली. तीन वर्षं नव्हे, सात वर्षं लागली. मधल्या वर्षांत दोन बाळंतपणं होती.

चेरलापल्लीच्या तुरुंगातही या विद्यापीठाचं केंद्र चालतं, हे कळलं तेव्हा आमच्यातला एकजण म्हणाला, तिथे तरी हजेरी पूर्ण असेल.

2014ला तेलंगण वेगळं झालं. 11 ऑक्टोबर 2016ला आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. मंचेरियाल, निर्मल आणि कोमराम भीम आसिफाबाद बाजूला गेले. इचोडा आदिलाबादेतच राहिला. पाठ आता टी-सॅट या सरकारी वाहिनीवर आणि फोनवर येतात. अर्ज ऑनलाइन, फी ऑनलाइन, हॉल तिकीट ऑनलाइन. महामार्गावर रेंज चांगली, आतल्या गुड्यांत, म्हणजे आदिवासी वस्त्यांत, नाही. तिथली मुलं हॉल तिकीट काढायला इचोड्याच्या झेरॉक्सच्या दुकानात येतात, आणि दुकानदारच आता अर्धा अभ्यासकेंद्र झालाय. कोणाचा फॉर्म कधी भरायचा हे त्याला तोंडपाठ असतं.

2022-23पासून राज्यातल्या सरकारी शाळांत इंग्रजी माध्यम आलं. जिथे मी मराठी शिकवलं तिथली पहिलीची पोरं आता इंग्रजी अक्षरं गिरवतात. त्यांच्या आयांना पोरांचा अभ्यास घेता येत नाही आणि म्हणून काही आयाच पुन्हा शिकायला लागल्यात, हा या सगळ्यातला अनपेक्षित भाग. गेल्या उन्हाळ्यात शेजारची सून माझ्याकडे आली. माहेर किनवटकडचं, मराठीत बारावी, इथे येऊन नऊ वर्षं झालेली. तेलुगू बोलते झकास. ओपनला बी.ए.ला नाव घातलंय म्हणाली, पुस्तकं नवी आहेत, पण शब्द अडतात. मी पेटीतून ‘फसवे शब्द’ची वही काढून दिली.

पंधरा दिवसांनी तिने ती परत आणली.

‘गुरुजी, यात एक राहिलाय,’ ती म्हणाली.

शेवटच्या पानावर, माझ्या पुसट निळ्या शाईखाली, हिरव्या पेनाने लिहिलं होतं: शाखा = सरकारी खातं.